विकत घेतलेला गेम आपला का राहत नाही? गेमर्स नव्या तंत्रज्ञानावर का चिडतात?

31 मार्च 2024. 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा गेम त्या दिवशी बंद पडला. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो डिसेंबर 2014 मध्ये बाजारात आणला होता. हा गेम एकट्याने खेळायचा म्हटलं, तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागायचं. त्यामुळे सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण पैसे मोजून गेम घेणाऱ्यांच्या हातात काहीच उरलं नाही. कपाटात डिस्क आहे, पण ती लावून उपयोग नाही, अशी गत झाली. काही दिवसांतच अनेकांच्या डिजिटल लायब्ररीतूनही हा गेम काढून घेण्यात आला.

यानंतर अमेरिकन यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. जुलै 2025 मध्ये युरोपियन युनियनमधल्या त्यांच्या याचिकेने 10 लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. ब्रिटनमधल्या याचिकेवरही 1 लाखाहून अधिक सह्या झाल्या.

गेमर्सबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. यांना कोणताही बदल नको असतो, काहीही नवं आलं की हे आधी बोंब मारतात आणि मग निमूटपणे तेच वापरतात. यात कितपत तथ्य आहे?

नव्याचं वावडं? इतिहास वेगळं सांगतो

नवं तंत्रज्ञान सर्वांत आधी, स्वतःच्या खिशातून पैसे घालून घेणारा ग्राहक म्हणजे गेमर. घरच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवण्याची पद्धत मुख्यतः गेमर्समुळे रुळली.

इतकंच नाही, तर अनेक बदल खेळाडूंनीच घडवले. 'काउंटर-स्ट्राइक' हा गेम 1999 मध्ये 'हाफ-लाइफ' या गेममध्ये हौशी खेळाडूंनी केलेल्या फेरफारातून जन्माला आला. अशा फेरफाराला गेमिंगच्या भाषेत 'मॉड' म्हणतात. 'डोटा'ची सुरुवातही 'वॉरक्राफ्ट 3'च्या मॉडपासून झाली.

काही वेळा विरोध निव्वळ आवडीनिवडीचा असतो, हेही खरं. निन्टेंडोने 2001 मध्ये 'झेल्डा' मालिकेतल्या नव्या गेमची कार्टूनसारखी चित्रशैली दाखवली, तेव्हा अनेक चाहत्यांनी नाकं मुरडली होती. तोच 'द विंड वेकर' आज मालिकेतल्या लाडक्या गेम्सपैकी एक आहे. असा राग खेळायला बसलं की विरतो. काही राग मात्र वर्षानुवर्षं टिकतात. त्यांचं मूळ कुठे आहे, हे पाहण्यासाठी 2013 मध्ये जावं लागेल.

29 दिवसांत माघार

मायक्रोसॉफ्टने 21 मे 2013 रोजी 'एक्सबॉक्स वन' हा नवा कन्सोल जाहीर केला. त्याच्या अटी हळूहळू समोर आल्या. कन्सोलने 24 तासांतून किमान एकदा इंटरनेटला जोडून घ्यायचं, नाहीतर गेम चालणार नाही. वापरलेली डिस्क विकण्यावर किंवा मित्राला देण्यावरही बंधनं होती.

कंपनीचं म्हणणं असं की यामुळे डिस्क न लावताच गेम खेळता येतील आणि आपली लायब्ररी कुठेही उघडता येईल. सोय खरी होती. पण तिच्या बदल्यात खेळाडूच्या हातातलं काहीतरी जाणार होतं. खेळून झालेला गेम मित्राला देणं, सेकंड हँड विकून त्या पैशांत दुसरा घेणं, ही तर सगळीकडचीच रीत.

सोनीने ही संधी साधली. जूनमध्ये कंपनीने एक छोटासा व्हीडिओ टाकला. 'प्लेस्टेशन 4'वर मित्राला गेम कसा द्यायचा? एकाने डिस्क पुढे करायची, दुसऱ्याने घ्यायची. संपलं! शिवाय 'प्लेस्टेशन 4'ची किंमत 399 डॉलर आणि 'एक्सबॉक्स वन'ची 499 डॉलर. 19 जूनला, म्हणजे घोषणेनंतर 29 दिवसांत, मायक्रोसॉफ्टने या अटी मागे घेतल्या.

इथे खेळाडूंनी कन्सोल नाकारला नव्हता, त्याच्यासोबत आलेल्या अटी नाकारल्या होत्या.

स्टीमचं काय?

यावर एक रास्त प्रश्न विचारला जातो. मग स्टीम कसं चाललं?

व्हॉल्व्ह कंपनीने 2003 मध्ये स्टीम सुरू केलं. 2004 मध्ये 'हाफ-लाइफ 2' आला, तेव्हा दुकानातून डिस्क घेतलेल्यांनाही तो स्टीमवर नोंदवणं सक्तीचं होतं. पहिल्या दिवसांत सर्व्हरवर ताण आला आणि खेळाडू संतापले. डिस्क हातात असताना परवानगी कशाला मागायची, हा तेव्हाचाही सवाल होता. आज कॉम्प्युटरवर गेम घेणाऱ्या बहुतेकांचं पहिलं दुकान स्टीमच आहे.

कारण मिळणारा फायदा डोळ्यांना दिसत होता. डिस्क हरवली तरी गेम पुन्हा डाउनलोड करता येतो. सेलमध्ये किमती घसरतात. 2015 पासून ठरावीक मुदतीत पैसे परत मागायची सोयही मिळाली. देणं-घेणं परवडणारं वाटलं आणि लोकांनी ते स्वीकारलं.

पण या व्यवहारातली बारीक अक्षरं फारशी कुणी वाचली नाहीत. स्टीमवर विकत मिळतो तो गेम वापरण्याचा परवाना, गेमची मालकी मिळत नाही. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये डिजिटल दुकानांना ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगणं बंधनकारक करणारा कायदा केला. तो 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला. त्याआधीच, ऑक्टोबर 2024 मध्ये, स्टीमने पैसे भरायच्या पानावर तशी सूचना टाकली. ज्या सोयीवर खेळाडू खूश होते, तिनेच 'द क्रू'सारख्या प्रकरणांची वाट मोकळी केली होती. म्हणजे 2004 मध्ये चिडलेले लोक अगदीच चुकीचे नव्हते.

एनएफटी आणि एआय: तोच प्रश्न, नवं रूप

डिसेंबर 2021 मध्ये युबिसॉफ्टने 'घोस्ट रिकॉन ब्रेकपॉइंट' या गेममध्ये एनएफटी आणले. गेममधल्या हेल्मेट, बंदुकीसारख्या वस्तू अनुक्रमांकासह 'आपल्या' होतील, असा दावा होता. खेळाडूंनी त्याच्या व्हीडिओवर नापसंतीचा पाऊस पाडला. त्याच महिन्यात 'स्टॉकर 2'च्या निर्मात्यांनी एनएफटीची घोषणा केली आणि टीका होताच ती मागे घेतली. ज्या वस्तूचा उपयोग त्या गेमपुरताच, तिची मालकी गेम बंद पडल्यावर काय कामाची? हा साधा हिशोब खेळाडूंनी मांडला होता.

एआयबाबत चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. एनव्हिडियाचं डीएलएसएस तंत्रज्ञान एआयवरच चालतं. कमी रेझोल्युशनचं चित्र ते मोठं आणि सुबक करून दाखवतं, त्यामुळे गेम अधिक वेगाने चालतो. त्याच्या दर्जावर वाद होतात, पण असंख्य खेळाडू ते रोज वापरतात.

चित्रं, आवाज किंवा संवाद तयार करणारं जनरेटिव्ह एआय मात्र अनेकांना खुपतं. अमेरिकेत आवाज देणाऱ्या आणि हालचाली साकारणाऱ्या कलाकारांनी जुलै 2024 मध्ये संप पुकारला. तो जवळपास वर्षभर चालला आणि एआयपासून संरक्षण ही त्यातली मुख्य मागणी होती. गेममध्ये एआयचा वापर झाला असेल, तर ते जाहीर करण्याचा नियम स्टीमने 2024 मध्येच आणला. डिसेंबर 2025 मध्ये तर 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन 33' या गाजलेल्या गेमला दिलेले पुरस्कार 'इंडी गेम अवॉर्ड्स'ने याच कारणावरून परत घेतले.

दोन्हीकडे तंत्रज्ञान एआयचंच आहे. एका ठिकाणी जुन्या कार्डवर नवा गेम नीट चालतो, म्हणजे फायदा खेळाडूच्या पदरात पडतो. दुसऱ्या ठिकाणी कलाकाराचं काम जाण्याची भीती आहे, आणि त्या बदल्यात खेळाडूला काय मिळणार, हे कुणी सांगत नाही.

कंपन्यांची बाजू

सर्व्हर चालवायला पैसे लागतात आणि मोजकेच खेळाडू उरले, की तो खर्च निघत नाही. सर्व्हर खेळाडूंच्या हाती दिले, तर त्यांची माहिती सुरक्षित कशी ठेवायची आणि तिथल्या बेकायदेशीर मजकुराची जबाबदारी कुणाची, असे प्रश्न युरोपातल्या गेम कंपन्यांच्या संघटनेने उपस्थित केले आहेत. अशा अटींमुळे गेम बनवणं महाग होईल, असंही त्यांचं म्हणणं आहे.

मोहिमेची मागणी मात्र सर्व्हर कायम चालू ठेवा, अशी नाही. गेम बंद करताना तो कुठल्या ना कुठल्या स्वरूपात खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच त्यांचं मागणं आहे. हे अगदीच अशक्य नाही. वाद पेटल्यावर युबिसॉफ्टनेच 'द क्रू 2'मध्ये ऑफलाइन खेळण्याची सोय दिली.

10 लाखांहून अधिक वैध सह्या झाल्या आणि किमान 7 देशांनी आपापला ठरलेला आकडा गाठला, की युरोपियन कमिशनला अशा याचिकेवर अधिकृत उत्तर द्यावं लागतं. कायदा करण्याचं बंधन मात्र त्यांच्यावर नसतं.

आपल्याकडच्या खेळाडूंचा याच्याशी काय संबंध?

भारतात हा धडा वेगळ्या वाटेने मिळाला. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षेचं कारण देत पबजी मोबाइलवर बंदी घातली. ऑक्टोबरच्या अखेरीस भारतीय खेळाडूंसाठी सर्व्हरही बंद झाले. गेम फुकट होता, पण त्यातले पोशाख आणि बंदुकांची सजावट अनेकांनी पैसे देऊन घेतली होती. जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला आणि जुन्या खात्यातल्या वस्तू त्यात आणायची मुभा मिळाली, म्हणून बऱ्याच जणांचं नुकसान टळलं. ती मुभा मिळाली नसती, तर मागण्यासारखं हातात काहीच नव्हतं.

गेमपुरतंच हे मर्यादित नाही. मोबाइलवरची ई-पुस्तकं, विकत घेतलेले सिनेमे, दरमहा भाडं भरून वापरायचं सॉफ्टवेअर, सगळीकडे 'विकत घ्या' या बटणामागे परवानाच असतो. गेमर्सनी तो आधी वाचला, कारण फटका त्यांना आधी बसला. पुढच्या वेळी ते एखाद्या नव्या गोष्टीवर चिडलेले दिसले, तर त्यांना जुनाट ठरवण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. या बदलानंतर चावी कुणाकडे राहणार आहे?