सातवीनंतरचा रस्ता

एक मे रोजी महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांचे निकाल लागतात आणि सातवी उत्तीर्ण झालेले मूल प्रगतिपुस्तक हाती घेऊन घरी येते. ज्या गावातील जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे, त्या गावात त्या दिवशी केवळ एक इयत्ता संपत नाही, गावातली शाळाच संपते. जूनच्या मध्याला, विदर्भात त्याहून थोडे उशिरा, त्याच मुलाला तीन-चार मैलांवरच्या, कधी त्याहूनही दूरच्या हायस्कुलात जावयाचे असते. मध्ये राहतात ते सहा-सात आठवडे. या आठवड्यांत आईबापांनी काय करावयाचे, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. कोणते मूल पुढे शिकणार आणि कोणते शेतावर, गुरांमागे किंवा लग्नाच्या बोहल्यावर जाणार, याचा निवाडा पुष्कळदा याच आठवड्यांत, कोणी उच्चार न करता, होऊन जातो.

शहरातील सुस्थित घरांत या तयारीचा अर्थ निराळा. तेथे आठवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला 'फाउंडेशन'च्या नावाखाली अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या शर्यतीस जुंपले जाते. सोळा वर्षांखालील मुलांना खासगी शिकवण्यांनी प्रवेश देऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढल्या. त्या निघाल्या म्हणून कोणत्याही शहरातले फलक उतरले, असे झालेले नाही. तेराव्या वर्षी मुलाचा सारा दिवस विकत घेणारी ही तयारी खरे म्हटले तर मुलाची नसून पालकांच्या भयाची व्यवस्था आहे. परंतु या घरांतील मूल निदान हायस्कुलात पोहोचते. ज्यांचे पोहोचणेच अनिश्चित आहे, त्यांचा विचार आधी झाला पाहिजे.

सातवीतून आठवीत जाताना मुलाच्या जगात काय घडते, हे वडीलधाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. गावच्या शाळेत वीस-पंचवीस मुले, दोन-तीन गुरुजी. कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या घरी काल चूल पेटली नाही, हे गुरुजींना ठाऊक. हायस्कुलात एका वर्गात साठ डोकी आणि दर तासाला नवा शिक्षक. गावात पहिला येणारा मुलगा तेथे पाच गावांतून आलेल्या पाच पहिल्यांमध्ये एक होतो, आणि पहिल्या चाचणीत सतरावा येतो. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा कोरकू बोलणारे मूल वर्गात तोंड उघडते तेव्हा मागच्या बाकावरून हसू येते. क्वचित ते पुढच्या खुर्चीवरूनही येते, ही अधिक लाजिरवाणी गोष्ट. त्यानंतर ते मूल तोंड उघडीत नाही. ऑगस्टमध्ये त्याचे पोट दुखू लागते, सप्टेंबरात आठवड्यातून दोन दिवस ते शाळेच्या वाटेवरच्या पुलाशी बसून राहते, आणि दिवाळीनंतर 'त्याचे शाळेत मनच लागत नाही' असा निर्णय घरात जाहीर होतो. मन लागत नाही म्हणजे नेमके काय झाले, हे कोणी विचारलेले नसते.

ज्या आईबापांनी स्वतः हायस्कूलची पायरी चढलेली नाही, ते येथे हात टेकतात. 'आम्हाला त्यातले काय कळते?' हे त्यांचे वाक्य नम्रतेचे वाटते. पण त्यात शतकानुशतकांच्या अपमानाची सवय आहे. प्रत्यक्षात या वेळी मुलाला जे लागते, त्यातले फारच थोडे पुस्तकी आहे. शाळा उघडण्यापूर्वी एक दिवस काढून बापाने मुलाबरोबर तो रस्ता चालून पाहावा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी येते तेव्हा कोठून वळावे, एसटी चुकली तर कोणाच्या दुकानात थांबावे, शाळेत पिण्याचे पाणी कोठे आहे, मुख्याध्यापकांची खोली कोणती, हे मुलाला दाखवावे. यासाठी अक्षरओळख लागत नाही. पुढे पालकसभेचे बोलावणे येईल तेव्हा दिवसाची मजुरी बुडते म्हणून गैरहजर राहणारा पालक मजुरी वाचवतो खरा. परंतु ज्या मुलाचा बाप एकदा शाळेत येऊन गेला आहे, त्या मुलाकडे पाहण्याची शाळेची नजर बदलते, हा अनुभव खेड्यापाड्यांतील कोणीही शिक्षक सांगेल. तसे व्हावे हे न्याय्य नाही, पण तसे होते.

महाराष्ट्रात हे काम एके काळी समाजाने आपले म्हणून अंगावर घेतले होते. पालगडहून दापोलीस शिकावयास गेलेल्या मुलाने पुढे अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांचे कपडे धुतले. साने गुरुजींची शिक्षक म्हणून ओळख तेथूनच सुरू होते. घरापासून तुटलेल्या मुलाला आधी आई लागते, मग व्याकरण, हे त्यांना स्वतःच्या वाटचालीतून कळलेले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविणारे वसतिगृह काढले. त्या वसतिगृहाच्या धान्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले. हायस्कूल आणि खेडे यांच्यामधले अंतर मैलांचे नसते, ते भाकरीचे आणि धीराचे असते, हे त्या पिढीने ओळखले होते. आज हायस्कुले पुष्कळ झाली. वसतिगृहे मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत, आणि जी आहेत त्यांतील खाटा, पाणी आणि अधीक्षक यांची अवस्था हा एक स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

आठवीच्या दारात पालकांपुढे 'सेमी-इंग्रजी'चा प्रश्न येतो. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून घ्यावयाचे की मराठीतून? बहुतेक शाळांत हुशार मुलांची तुकडी सेमीची आणि उरलेल्यांची मराठीची, अशी वाटणी उघडपणे केलेली असते. साहजिकच प्रत्येक बापाला आपले मूल पहिल्या तुकडीत हवे असते. या हव्यासाला नावे ठेवण्याचे कारण नाही. इंग्रजी ही या देशात सत्तेची भाषा आहे आणि गरिबाला सत्ता हवी असते. प्रश्न मुलाचा आहे. सातवीपर्यंत ज्याने 'छेद' आणि 'अंश' शिकले, त्याला जूनमध्ये अचानक तीच गोष्ट परक्या शब्दांत भेटते आणि जी येत होती तीही येईनाशी होते. सेमी घ्यावयाचे असेल तर मे महिन्यात गणित-विज्ञानातले शंभर-दीडशे शब्द दोन्ही भाषांत शेजारी शेजारी लिहून ठेवण्याचा उद्योग मुलाने करावा. गावात कॉलेजला जाणारी एखादी मुलगी ते आनंदाने करून देते. आणि मूल मराठी तुकडीत गेले तर त्याला घरी कमीपणा वाटू देऊ नये. आठवीत समजलेली भूमिती पुढे कोणत्याही भाषेत नेता येते. न समजलेली कोणत्याच भाषेत नेता येत नाही.

मुलींच्या बाबतीत ही तयारी अधिक कठीण आहे आणि तिच्याविषयीचे मौन अधिक घट्ट आहे. बारा-तेरा वर्षे हे ऋतुप्राप्तीचे वय. परगावच्या शाळेत, साठ जणांच्या वर्गात, पहिल्यांदा पाळी आलेल्या मुलीला काय झाले हेच ठाऊक नसणे, ही क्रूरता आजही असंख्य घरांत लज्जेच्या नावाखाली चालते. हे आईने आधी सांगितले पाहिजे. आईला संकोच वाटत असेल तर मावशीने, काकूने, आशाताईने सांगितले पाहिजे. दप्तरात त्या दिवसांसाठीचे कापड किंवा पॅड असले पाहिजे. आणि शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाणी आहे का, हे दाखल्याच्या दिवशी आईने स्वतः आत जाऊन पाहिले पाहिजे. नसेल तर मुख्याध्यापकांना तोंडावर विचारले पाहिजे. पालकांनी विचारावयाचा याहून शैक्षणिक असा दुसरा प्रश्न नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातील तालुक्यांत त्यांच्यासाठी निळ्या गाड्या धावतात आणि आठवीपासून बारावीपर्यंतच्या गरजू मुलींना सायकलीही मिळतात. या योजना चांगल्या आहेत आणि त्यांनी हजारो मुलींना शाळेत टिकवले आहे. तथापि थांब्यावर कोणी टगा रोज छेड काढीत असेल तर त्याची वाच्यता मुलगी घरी करीत नाही. तिला पक्के ठाऊक असते की सांगितले तर त्याचा रस्ता बंद होणार नाही, तिची शाळा बंद होईल. म्हणून शाळा सुरू होण्याआधीच आईबापांनी तिला एक वचन स्पष्ट शब्दांत द्यावयास हवे: काहीही घडले तरी शाळा सुटणार नाही. हे वचन दिल्यावाचून 'आम्हाला सगळे सांगत जा' या उपदेशाला अर्थ नाही. शाळेच्या आत, एखाद्या शिक्षकाकडून असे काही घडले तर २०१२ चा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा तिच्या बाजूला आहे आणि १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालतो, हेही तिला माहीत असावे.

कागदपत्रांचा विषय रुक्ष आहे, पण त्यापायी होणारे नुकसान मोठे. जूनमध्ये तहसील कचेरीत झुंबड उडते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा, मुलाचे बँक खाते उघडावे. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून आठवीचा प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट आहे. 'इमारत निधी' वा तत्सम नावाने प्रवेशासाठी देणगी उकळणाऱ्या संस्थेला घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो, हेही त्याच कायद्यात आहे. कायदा पालकांच्या खिशात असत नाही, म्हणूनच देणगीची पावती फाडली जाते, किंवा तीही फाडली जात नाही.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आठवीत सारे काही पूर्वीसारखेच चालू असल्याचा भास होतो. दुपारचे जेवण आहे, पाठ्यपुस्तके मोफत आहेत. नववीत जेवण थांबते आणि मोफत पुस्तकांची हमीही संपते, कारण कायद्याची छत्री आठवीपर्यंत आणि चौदाव्या वर्षापर्यंतच आहे. गणिताची दोन पुस्तके त्याच वर्षी होतात. आठवीच्या अखेरीस महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पुन्हा वार्षिक परीक्षाही आली आहे. म्हणजे ज्या वर्षी अभ्यास वाढतो त्याच वर्षी आधार काढून घेतला जातो. यावर शासनाला जाब विचारला पाहिजे, तो निराळा. पण घराने मात्र आठवीतच नववीची तजवीज केली पाहिजे. आठवीच्या मुलांसाठी असलेली आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाखांची आहे. पुष्कळ शाळा हुशार ठरविलेल्या पाच-दहा मुलांचेच अर्ज भरतात. आपल्या मुलाचा अर्ज भरला की नाही, हे पालकाने जातीने विचारावे.

कामाचे काय? शेतकरी-शेतमजुराच्या घरात तेरा वर्षांच्या मुलाने काहीच काम करू नये, ही अपेक्षा शहरी आहे. गुरांना पाणी दाखवणे, धाकट्याला सांभाळणे, यात मूल काही शिकतेही. प्रश्न मापाचा आहे. २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा चौदा वर्षांखालील मुलांना कामाची बंदी झाली, मात्र शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या उद्योगात मदत करण्याची वाट मोकळी ठेवली गेली. या मोकळ्या वाटेनेच पुष्कळ मुलींचा अभ्यास निघून जातो, कारण मुलाचे काम मोजले जाते, मुलीचे मोजलेच जात नाही. पाच मैल चालून आलेल्या मुलीने भांडी, पाणी, स्वयंपाक उरकून रात्री नऊला पुस्तक उघडावयाचे आणि तिच्या भावाने सहालाच उघडावयाचे, ही घरातली विषमता कोणत्याही योजनेने दूर होणारी नाही. संध्याकाळचा एक तास दोघांनाही सारखा मोकळा मिळेल, एवढे आईबापांनी ठरवावे. ते ठरवताना काही कामे भावाकडे जातील, आणि ती जावीत.

सर्वांत बिकट स्थिती ऊसतोडणी कामगारांच्या मुलांची. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेले आईबाप मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. आठवीतली मुलगी बरोबर न्यावी तर शाळा सुटते. मागे ठेवावी तर तिच्याकडे कोण पाहणार, ही धास्ती. या धास्तीतून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणून तिचे लग्न लावले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते; बीड-परभणीकडे हे प्रमाण त्याहून कितीतरी अधिक आहे. अशा आईबापांना 'मुलीशी संवाद साधा' असे सांगणे ही चेष्टा होईल. त्यांना हंगामी वसतिगृह हवे, ते कागदावर नव्हे तर ऑक्टोबरात उघडलेले हवे, आणि मागे राहणाऱ्या आजीच्या हाती धान्य हवे.

म्हणून ही तयारी एकेका घरावर सोडून चालणार नाही. एक मे रोजी निकाल लागतो, त्याच दिवशी गावोगाव ग्रामसभाही भरते. त्या सभेत सातवी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव वाचले जावे आणि त्यापुढे ते कोणत्या शाळेत जाणार, कसे जाणार, कोणाची काय अडचण आहे, हे लिहिले जावे. हीच यादी १५ ऑगस्टच्या सभेत पुन्हा वाचावी. जे नाव हायस्कूलच्या हजेरीपटावर नसेल, त्या घरी त्याच संध्याकाळी सरपंचाने, गुरुजींनी आणि गावातील दोन बायांनी जावे. २ ऑक्टोबरला, कोयते निघण्याच्या आधी, ती तिसऱ्यांदा वाचावी.