बिनचावीची गाडी घ्या, पण आधी शिकून घ्या



ऊसनोंदीला फिरताना हल्ली बिनचावीच्या दुचाक्या बऱ्याच दिसतात. 2020 साली चेतक विजेवर परत आली ती बिनचावीची. 2023 पासून अ‍ॅक्टिव्हाचाही तसा प्रकार मिळू लागला. खिशात रिमोट, बोटाने बटण, की गाडी चालू. सोय चांगली आहे, आमची तक्रार नाही.

पण गेल्या हंगामात पवन मावळातले एक सभासद रात्री तोडणीच्या फडावर अडकले. घरी आई आजारी, आणि गाडी काही केल्या दाद देईना. शेवटी कुणीतरी वायर तोडून 'डायरेक्ट' करायला गेला. गाडी चालू झाली नाहीच, वर आठ दिवस दुरुस्तीला पडली. मूळ दोष निघाला रिमोटातल्या छोट्या सेलचा!

पाने पिवळी दिसली की मुळाशी पाणी साचलंय का हे न बघता युरिया टाकायचा, त्यातलाच हा प्रकार. आधी साधं बघावं. लाल बटण बंदवर नाही ना? स्टँड वर आहे ना? गिअर न्यूट्रलला, क्लच किंवा ब्रेक दाबलेला आहे ना? मग रिमोट. गाडी हाक मारते आणि रिमोट ओ देतो, तेव्हाच कुलूप सुटतं. सेल उतरला की ओ क्षीण होते; रिमोट गाडीच्या अगदी जवळ धरून बघावा. मोबाईल त्याच खिशात असेल तर बाजूला काढावा. उच्च दाबाच्या तारांखाली किंवा टॉवरजवळ असाल तर गाडी ढकलत थोडी पुढे न्यावी. दिवेच मंद असतील तर रिमोटचा दोष नाही, गाडीची बॅटरी उतरली आहे.

लोणावळ्याकडच्या पावसात रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. तो सीटखालच्या डिकीत विसरू नये. जादा सेल मात्र घरात असावा.

आमचे स्पष्ट मत असे की, सेल संपल्यावर गाडी कशी चालू करायची हे विक्रेत्याने दाखवल्याशिवाय ताबा घेऊ नये. कुठे रिमोट ठरावीक जागी टेकवावा लागतो, तर कुठे गुप्त क्रमांक लागतो. हे दुकानातच आपल्या हाताने करून बघा, घरच्या बाईमाणसांनाही शिकवा. पैसे आपण मोजतो, मग विचारायची लाज कसली?

— ऊस विकास अधिकारी