फास्टॅगचा पूर्वज : मराठेशाहीतला हुंडेकरी

१/ टोलच्या इतिहासाचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे नाणेघाटातला दगडी रांजण उभा राहतो. घाट चढून आलेला व्यापारी त्यात जकात टाकत असे, अशी परंपरागत समजूत आहे. फास्टॅगची तुलना या रांजणाशी करण्याचा मोह सहज होतो. परंतु गाडीच्या काचेवरील त्या चिठ्ठीचा अधिक जवळचा पूर्वज दगडाचा नव्हता; तो हाडामांसाचा माणूस होता. त्याचे नाव हुंडेकरी.

२/ प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. जकात मालावर असते, टोल मार्गाच्या वापरावर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हे दोन्ही कर वेगळे आहेत. नगराच्या महाद्वारापाशी शुल्काध्यक्ष मालावरील शुल्क घेतो. सीमेवरचा अंतपाल ‘वर्तनी’ घेतो. वर्तनी म्हणजे वाटेचा कर. मालाच्या गाडीला सव्वा पण, एकखुरी जनावराला एक पण, गुरांना अर्धा पण आणि खांद्यावर ओझे वाहणाऱ्याला एक माषक, असे तिचे दर आहेत. वाहनाच्या वर्गवारीनुसार टोल आकारण्याची कल्पना इतकी जुनी आहे.

३/ मात्र दर सांगून अर्थशास्त्र थांबत नाही. लगेच पुढचा नियम असा, की वाटेत व्यापाऱ्याचे जे हरवेल किंवा चोरीला जाईल, त्याची भरपाई अंतपालाने करावी. हा ग्रंथ राज्यव्यवहाराचा आदर्श सांगतो. प्रत्यक्षात किती व्यापाऱ्यांना भरपाई मिळाली, हा प्रश्न निराळा. तरीही तत्त्व निःसंदिग्ध आहे. जो वाटेचे पैसे घेतो, तो वाटेला जबाबदार असतो. वसुली आणि उत्तरदायित्व यांत एका वाक्याचेही अंतर नाही.

४/ आता अठराव्या शतकाच्या अखेरच्या मराठी मुलखाकडे वळू. जकात बैलाच्या ओझ्यावर मोजली जाई आणि प्रत्येक जिल्ह्यात निराळी भरावी लागे. अनेक ठिकाणी वसुली मक्त्याने दिलेली असे. दूरच्या बाजारपेठेकडे निघालेल्या तांड्याला म्हणून ठिकठिकाणी थांबणे, मोजणी करून घेणे आणि पैसे चुकते करणे भाग पडे. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात या पद्धतीची नोंद आहे.

५/ या गैरसोयीवर बाजारानेच तोड काढली होती, तीही त्याच अहवालात सापडते. रहदारीच्या मोठ्या गावांत हुंडेकरी राहत. व्यापाऱ्याने त्यांना एकच ठरीव रक्कम द्यावी. माल सर्व मुलखातून पार नेण्याची हमी त्यांची. निरनिराळ्या जिल्ह्यांतील जकातीच्या मक्तेदारांशी त्यांचा पत्रव्यवहार असे, आणि त्या मक्तेदारांना ते जबाबदार असत. व्यापाऱ्याचा व्यवहार एकाशी. बाकीच्यांशी हिशेब पाहण्याचे काम त्या एकाचे.

६/ फास्टॅगची रचना याहून मुळात वेगळी नाही. काचेवरील चिठ्ठीत चिप व अँटेना असते, बॅटरी नसते. नाक्यावरचा वाचक ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओलहरी सोडतो. त्यांच्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. पुढे टोलनाक्याची बँक, वाहनधारकाची बँक आणि मधे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ यांच्यात हिशेब होतो. निरनिराळे मक्तेदार, एकच खाते, पडद्यामागे जुळवणी. हुंडेकऱ्याचे जे काम, तेच या जाळ्याचे.

७/ नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१० मध्ये देशभर याच पद्धतीची शिफारस केली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. तो नसलेल्या वाहनाला दुप्पट शुल्क लागू झाले. लाभ उघड आहेत. रांगा आखूड झाल्या, सुट्या पैशांची हुज्जत मिटली. शिवाय रोखीच्या काळात ‘नक्की किती गाड्या गेल्या?’ हा संशय कायम असे. आता प्रत्येक व्यवहाराची नोंद उरते. हे यश नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

८/ पण प्रश्न निराळाच आहे. हुंडेकऱ्याने पैसे घेतले आणि माल अडला, तर व्यापारी कोणाला जाब विचारणार, हे ठाऊक होते. टोलनाकाही, कितीही त्रासाचा असला तरी, जाब विचारण्याची जागा होता. कोल्हापूरकरांनी हे दाखवून दिले. शहरांतर्गत रस्त्यांवरील टोलविरोधात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे ज्येष्ठ नेते रस्त्यावर उतरले. जानेवारी २०१४ मध्ये नाक्यांची मोडतोड आणि जाळपोळ झाली, तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु लोकांनी विचारलेला प्रश्न रास्त होता : हे पैसे कशाचे आणि किती काळ? पुढे राज्य सरकारने तो टोल रद्द केला.

९/ ‘किती काळ?’ हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे. टोल म्हणजे रस्त्याचा खर्च फिटेपर्यंतचे देणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या २००८ च्या नियमांतही, भांडवली खर्च वसूल झाल्यावर शुल्क ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद होती. २०२३ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. देखभालीला पैसा लागतो, हा युक्तिवाद खोटा नाही. पण कर्जफेडीसाठी सुरू झालेले देणे कायमचे भाडे होत असताना त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही. नकळत कापल्या जाणाऱ्या पैशाबद्दल माणूस कमी भांडतो.

१०/ वसुली आणि जबाबदारी यांचा जुना सांधा न्यायालयांनी मात्र नुकताच आठवून दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्रिशूर जिल्ह्यातील पालियेक्कारा नाक्यावरची टोलवसुली रस्त्याच्या दुरवस्थेमुळे चार आठवडे थांबवली. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. खड्ड्यांतून जाण्यासाठी नागरिकाने पैसे मोजू नयेत, हे तत्त्व अंतपालाच्या नियमाहून फारसे दूर नाही.

११/ आता तर अडसरच नसलेल्या टोलवसुलीकडे देश निघाला आहे. गाडीने वेग कमी करण्याचीही गरज राहणार नाही. ते व्हावे. मात्र नाका अदृश्य होणार असेल, तर हिशेब त्याच प्रमाणात दृश्य झाला पाहिजे. पैसे कापल्याचा संदेश मोबाइलवर येतोच. त्याच संदेशात त्या रस्त्याचा एकूण खर्च, आजवरची वसुली, उरलेली मुदत आणि तक्रारीला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद का नसावे? जी यंत्रणा क्षणात गाडी ओळखते, तिला हे चार तपशील पाठवणे अवघड नाही.

१२/ वाटेचा कर कोणत्याच काळात लोकप्रिय नव्हता. तो लोकांनी सोसला, कारण त्याच्या मोबदल्यात कोणीतरी वाटेची हमी देत होते. हुंडेकऱ्याची सोय फास्टॅगने शतपटीने वाढवली आहे. हुंडेकऱ्याची जबाबदारी कोणी घ्यायची, हे अजून ठरायचे आहे.