विश्लेषण : कुहीहून ब्रिटनला गेल्यावर जेवायचे काय?

ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठांचे वर्ग सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. कुही, उमरेड, भिवापूरसारख्या तालुक्यांतून मुलगा किंवा मुलगी तिकडे निघाली, की घरच्यांना पहिली काळजी जेवणाची असते. मग भिवापुरी मिरचीचे तिखट, पापड, कुरड्या बॅगेत जातात. त्यांच्यासोबत ‘तिकडचे जेवण बेचव’ हा समजही जातो. तो मात्र घरीच ठेवलेला बरा.

बॅगेत काय चालते?

तिखट, मसाले, पापड यांची सहसा अडचण येत नाही. मात्र भारतातून जाणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे. आईने दिलेले पेढे विमानतळावरच काढून घेतले जाऊ शकतात.

पटकन आवडणारे पदार्थ कोणते?

‘बीन्स ऑन टोस्ट’ म्हणजे टोमॅटोच्या गोडसर रसातील घेवड्याचे दाणे. डबा उघडायचा, गरम करायचा आणि भाजलेल्या पावावर ओतायचा. वर चिमूटभर घरचे तिखट टाकले की ती उसळच. ‘जॅकेट पोटॅटो’ हा सालीसकट भाजलेला बटाटा असतो, लोणी किंवा चीज घालून खातात. हे दोन्ही स्वस्त आणि पोटभरीचे. ‘क्रम्बल’मध्ये सफरचंदाच्या फोडींवर पीठ, लोणी, साखरेचा चुरा पसरून भाजतात. थंडीत ते गरम कस्टर्डसोबत खावे.

‘कॉर्निश पेस्टी’ दिसते मोठ्या करंजीसारखी. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांचा तो डबा होता. २०११ मध्ये तिला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. भिवापुरी मिरचीलाही भारतात असेच मानांकन आहे. आपल्या मातीतल्या चवीचा अभिमान दोन्हीकडे सारखाच.

हे सारे ‘अस्सल ब्रिटिश’ आहे का?

पूर्णपणे नाही. ‘फिश अँड चिप्स’मधील तळलेल्या माशाची रीत ज्यू स्थलांतरितांनी तिकडे नेली. चिप्ससोबत त्याची दुकाने १८६० च्या दशकात सुरू झाली. ‘केजरी’ हा भात, मासा आणि अंड्यांचा पदार्थ तर आपल्या खिचडीवरून आला. बाहेरून आलेल्यांनीच ज्या देशाचे ताट वाढवले, तिथे कुहीच्या विद्यार्थ्याने परके वाटून घेण्याचे कारण नाही.

शाकाहारींनी काय पाहावे?

काही दुकानांत चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. वूस्टरशर सॉसमध्ये मासा असतो. पेस्टीतही पारंपरिक सारण गोमांसाचे असते, पण चीज-कांद्याचीही मिळते. त्यामुळे पाकीट वाचावे आणि न संकोचता विचारावे.

हा केवळ चवीचा प्रश्न आहे का?

नाही, तो खिशाचा आणि एकटेपणाचाही आहे. शिष्यवृत्तीच्या निर्वाह भत्त्यात किंवा कर्जाच्या पैशात रोज भारतीय हॉटेल परवडत नाही. खोलीत एकट्याने वरणभात खाणारा विद्यार्थी वर्गमित्रांच्या ताटापासून दूर राहतो, आणि ओळखी बहुधा जेवतानाच होतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील घरात राहिले. सकाळी पाव-जॅम, माशाचा तुकडा आणि रात्री भाजलेले पापड, यांवर त्यांनी दिवस काढल्याचे चरित्रांत नोंदलेले आहे. तेच घर राज्य सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. त्यांना निवड नव्हती. आजच्या विद्यार्थ्याला ती आहे.

म्हणून तिखटाची पुडी न्यावीच, पण आठवड्यात एक नवा पदार्थही चाखावा. घरच्यांनीही व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का?’ यासोबत ‘आज नवीन काय खाल्लंस?’ हेही विचारावे.