विंडोज ११ टाकलं, आता ग्राफिक्स ड्रायव्हरचं काय?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद केला, आणि तेव्हापासून मी बोईसरला घरी आलो की मला विचारला जाणारा प्रश्न बदललाय. आधी विचारायचे, "कोणता मोबाइल घेऊ?" आता विचारतात, "विंडोज ११ टाकलं आणि स्क्रीन काळी झाली, ड्रायव्हर कुठला टाकू?" विचारणारे बहुतेक पालघर-बोईसरच्या कॉलेजात इंजिनीअरिंग करणारे, किंवा तारापूर एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये ऑटोकॅडवर काम करणारे. मशिन बहुधा लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड पार्ट आणून असेंबल केलेली.

आपल्या बऱ्याच जणांचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे मोबाइलच. मोबाइलवर सवय अशी, की अपडेट आलं की दाबायचं आणि चार्जिंगला लावून झोपायचं. तिथे ते चालतं, कारण मोबाइलमधल्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर सहसा फोन कंपनीच तपासून सिस्टिम अपडेटबरोबर पाठवते. पीसीवर असा एक मालक नाही. विंडोज मायक्रोसॉफ्टची, कार्डाची चिप एनव्हिडिया किंवा एएमडीची, लॅपटॉप तिसऱ्याच कंपनीचा, आणि ड्रायव्हर यातले तिघंही देतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

त्यात गेल्या वर्षी एक योगायोग झाला, ज्याकडे आपल्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. ज्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० थांबलं, त्याच ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी गेम रेडी ड्रायव्हर देणं थांबवलं. म्हणजे जीटीएक्स ७५० टीआय, ९०० सिरीज, १०५० टीआय, १०६०, छोटं जीटी १०३० सुद्धा. आपल्याकडच्या सेकंडहँड मशिनमध्ये हीच कार्डं भरलेली असतात. यांच्यासाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर शाखा. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. जीटीएक्स १६५० नावाने जुनं वाटलं तरी ते ट्युरिंग पिढीचं आहे, त्याला हा नियम लागू नाही. जीटी ७१० वाल्यांचं प्रकरण केव्हाच संपलंय. त्या केपलर कार्डांच्या सुरक्षा दुरुस्त्याही सप्टेंबर २०२४ मध्ये थांबल्या.

इंटेलनेही सप्टेंबर २०२५ मध्ये ११व्या ते १४व्या पिढीच्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स 'लेगसी' यादीत टाकले. त्यांनाही आता तिमाहीलाच अपडेट. एएमडीने २०२१ मध्येच आर९ २०० आणि ३०० सिरीजला रामराम केला होता.

याचा अर्थ असा, की १०५० टीआय असलेल्या मशिनवर विंडोज ११ टाकल्यावर "नवीन विंडोज, म्हणून नवीन ड्रायव्हर" हा हिशोबच लागू होत नाही. नवीन येणारच नाहीये. उलट आरटीएक्स कार्डवाल्यांना एनव्हिडियाने विंडोज १० वरही ऑक्टोबर २०२६ पर्यंत गेम रेडी ड्रायव्हर द्यायचं जाहीर केलंय. आणि मायक्रोसॉफ्टचा सुरक्षा अपडेटचा वाढीव कार्यक्रमही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर त्याला पैसे पडत नाहीत. त्यामुळे परीक्षा किंवा प्रोजेक्ट तोंडावर असताना घाईघाईने विंडोज बदलायची गरज नाही. दुकानदार काहीही म्हणो.

आता काळ्या स्क्रीनकडे. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत एक प्रकार असा असतो, की दोष ड्रायव्हरचा नसतोच. विंडोज ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांना तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू केल्याशिवाय गेमच उघडत नाही. म्हणून कुणीतरी व्हिडिओ बघून बायोसमध्ये जातो आणि सीएसएम नावाची सोय बंद करतो. सीएसएम म्हणजे जुन्या हार्डवेअरला सांभाळून घेणारा भाग. खूप जुन्या कार्डांच्या फर्मवेअरमध्ये यूईएफआयची भाषाच नसते. सीएसएम बंद झालं की असं कार्ड चित्रच दाखवू शकत नाही, आणि कंपनीचा लोगोही दिसत नाही. ही पक्की खूण लक्षात ठेवा: मशिन चालू केल्या केल्या लोगोसुद्धा दिसत नसेल, तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. ड्रायव्हर विंडोज सुरू झाल्यावर कामाला लागतो, त्याच्या आधी नाही. अशा वेळी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावा. नाहीतर बायोस रीसेट करा. मदरबोर्डवरचा गोल सेल वीज पूर्ण बंद करून काही मिनिटं काढून ठेवला की बऱ्याच बोर्डांवर ते होतं. मात्र ज्याची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, त्याने सीएसएमला हात लावण्याआधी डिस्क जीपीटी करून घ्यावी. तसं न करता सीएसएम बंद केलं तर विंडोज बूटच होणार नाही.

लोगो दिसला, गोल फिरलं आणि मग अंधार झाला, तर मात्र संशय ड्रायव्हरवर. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ड्रायव्हर रीसेट होतो, स्क्रीन एकदा लुकलुकते, कधी कधी तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर चालू होताना पॉवर बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद करा. विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर जातं, तिथून सेफ मोड मिळतो. सेफ मोडमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अॅडॅप्टरमध्ये आपल्या कार्डावर जा आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. ते फिकट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही, मग काढून टाकायचा.

इथे एक धोका आहे. नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा डिस्क न विचारता एनक्रिप्ट झालेली असते, आणि बायोसमध्ये बदल केल्यावर किंवा दुरुस्तीच्या पडद्यावर गेल्यावर विंडोज बिटलॉकरची ४८ अंकी की मागतं. ती नसेल तर डेटा गेला, कुठलंही दुकान तो परत आणून देत नाही. म्हणून कशालाही हात लावायच्या आधी मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडून की मिळते का बघा आणि वहीत लिहून ठेवा. या सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

विंडोज ११ व्यवस्थित चालू झालं असेल तर माझं मत सरळ आहे: एक-दोन दिवस काहीच करू नका. एनव्हिडिया आणि एएमडीचं पॅकेज सहसा विंडोज १० आणि ११ दोन्हींना एकच असतं. अपग्रेडमध्ये जुना ड्रायव्हर बरोबर येतो आणि बहुधा चालतोही. विंडोज अपडेटला त्याचं काम संपवू द्या, दोनदा रीस्टार्ट करा. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नाव नीट दिसतंय का बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर' असं आलं, तरच ड्रायव्हर नाही असं समजा. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा घ्या, कारण त्यात दोन ग्राफिक्स आपसात बदलतात आणि ते जुळवणारी सेटिंग कंपनीची असते. डेस्कटॉप असेल तर चिप कंपनीच्या साइटवरून. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची सॉफ्टवेअरं आणि गुगलवरच्या जाहिरातीतले डाउनलोड यांच्या वाटेला जाऊ नका.

एनव्हिडियाचं पॅकेज कित्येकशे एमबीचं असतं. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर अर्धा तिथेच जातो, म्हणून विंडोज बदलण्याआधीच ते पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. बसवताना स्क्रीन काही सेकंद काळी होते, घाबरून बटण दाबू नका. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. ड्रायव्हरच्या मध्येच गेली तर सेफ मोडमधून सावरता येतं. बायोस अपडेटच्या मध्ये गेली तर मदरबोर्डच जाऊ शकतो, त्यामुळे ते काम यूपीएसशिवाय नको.

डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, प्रत्येक वेळी चालवायचा सल्ला यूट्यूबवर दिसतो. मला तो पटत नाही. साधं काम इन्स्टॉलरमधल्या 'क्लीन इन्स्टॉलेशन'ने होतं. एनव्हिडियाच्या जागी एएमडीचं कार्ड टाकलं, किंवा रोल बॅक करूनही त्रास थांबला नाही, तेव्हा डीडीयू. तोही सेफ मोडमध्ये आणि नेट बंद करून, नाहीतर तुम्ही साफ करताय तोवर विंडोज अपडेट मागून स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवतं.

शेवटी, विंडोज ११ झाल्यावर काहीच जमलं नाही तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधल्या रिकव्हरीतून विंडोज १० वर परत जाता येतं. डिस्क क्लीनअप करून 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर उडवलं असेल तर ती वाट बंद होते. आणि येत्या सुट्टीत लोकल पकडून ग्रँट रोडला कार्ड घ्यायला जाणार असाल, तर दुकानदाराला किती जीबीचं आहे हे विचारण्याआधी कोणत्या पिढीचं आहे ते विचारा. १०६० आणि १६५० च्या किमतीत थोडाच फरक सांगितला, तर तो फरक द्यावा.