दुर्बोधतेचा बाऊ

आमच्या सुशिक्षित वर्गांत असा एक समज रूढ होऊन बसला आहे कीं, अतिवास्तववादी चित्रकला ही परदेशांतील रिकामटेकड्या लोकांची चैन असून ती समजण्याची पात्रता खेड्यांतील माणसाच्या अंगीं नाहीं. हें बोलतांना आपण खेडुतांचीच बाजू घेत आहों अशी या मंडळींची प्रामाणिक समजूत असते, हें त्यांतील विशेष! नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या कारंजा (घाडगे) गांवीं, संत्र्याच्या बागांशेजारीं बसून हा कळवळा ऐकावा लागला म्हणजे त्याचा समाचार घेणें भाग पडतें.

प्रथम रिकामटेकडेपणाविषयीं. या पंथाचा जाहीरनामा आंद्रे ब्रेतों यानें १९२४ सालीं काढला. हा गृहस्थ पहिल्या महायुद्धांत लष्करी इस्पितळांत काम करीत होता, व तोफांच्या माऱ्यानें भ्रमिष्ट झालेल्या शिपायांची बडबड त्यानें कानांनीं ऐकली होती. शहाण्या म्हणविणाऱ्या जगानें लाखों माणसें चिखलांत पुरलीं. त्या शहाणपणावरचा विश्वास उडून जो स्वप्नाकडे वळला, त्यास चैनी म्हणावयाचें असेल तर शब्दांचे अर्थच बदलावे लागतील.

१९३८ च्या जानेवारींत पॅरिसमध्यें या मंडळींनीं भरविलेलें प्रदर्शन पाहा. मार्सेल द्युशां यानें छताला कोळशाचीं १,२०० पोतीं टांगलीं होतीं. अंधारांत चित्रें दिसावींत म्हणून प्रेक्षकांच्या हातीं विजेऱ्या दिल्या होत्या. आणि आवारांतच साल्वादोर दाली याची एक टॅक्सी उभी होती. तिच्या आंत पाऊस पडत होता. आंत बसविलेली बाहुली भिजून चिंब, अंगावर गोगलगाई फिरताहेत! पॅरिसच्या शिष्टांस ही थट्टा वाटली असेल. पण ज्याचें कवेलूंचें छप्पर आषाढांत गळतें आणि जो रात्रभर अंथरूण या कोपऱ्यांतून त्या कोपऱ्यांत ओढीत असतो, त्यास निवाऱ्याच्या आंतच पाऊस पडणें म्हणजे काय, हें कोणा टीकाकारानें समजावून द्यावयास नको.

तसेंच आमच्या नागपूरची मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, पाऊस असो वा नसो, काळी व पिवळी अशा दोन अजस्र स्त्रिया रस्त्यांतून निघतात, सोबत पुढाऱ्यांची व महागाईची टर उडविणारे बडगे असतात, आणि लोक सारी इडापिडा त्यांच्या माथीं मारून त्यांस जाळून येतात. एवढें पाहिलेल्या डोळ्यांना एखादें विचित्र चित्र पाहून घेरी येईल, हें कोणास खरें वाटेल? मात्र येथें दुसरी एक टोळी हर्षानें पुढें सरसावते व म्हणते, "म्हणजे हें सारें आमच्याकडे आधींच होतें!" नव्हतें. मारबत ही सबंध गांवाची असते आणि तिची त्याच दिवशीं राख होते. भिंतीवरचें चित्र तुमच्या एकट्याशीं बोलतें, आणि तुम्ही घरीं गेल्यावरही तेथेंच टांगलेलें राहतें. एकीचा सराव दुसऱ्यास उपयोगी पडतो, इतकेंच.

मराठी चित्रकारांत या वळणाचें नांव घ्यावयाचें तर तें प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचें. पान, घड्याळ, पीस अशा साध्या वस्तु त्यांनीं मोकळ्या अवकाशांत अशा मांडल्या कीं त्यांची नेहमींची ओळखच पुसली जावी. त्यांस अतिवास्तववादी हा शिक्का कितपत शोभतो याविषयीं आम्हांस शंका आहे. ब्रेतोंचा दंगा त्यांच्यांत नाहीं. पण 'कोरा कॅनव्हास' हें पुस्तक त्यांनीं मराठींत लिहिलें, तें काय खेड्यांतील वाचकास वगळून? त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत फेब्रुवारी २०१९ मध्यें उघडलें. त्या समारंभांत अमोल पालेकर यांनीं, स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त केल्याबद्दल सांस्कृतिक मंत्रालयावर टीका आरंभिली, तेव्हां त्यांस भाषणांत वारंवार अडविण्यांत आलें. चित्र कोणास समजतें हा तेथें वाद नव्हताच. काय दाखवावें हें कोणीं ठरवावें, हा होता. दुर्बोधतेचा बाऊ करणारांनीं या प्रसंगाचें जरा मनन करावें.

कारण ज्यास चित्र कधीं दाखविलेंच नाहीं, त्यास तें समजत नाहीं असें म्हणणें हा शुद्ध कांगावा आहे. वासुदेव गायतोंडे १९२४ सालीं नागपुरांत जन्मले. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेंत शिकले. हे दोघे या पंथाचे नव्हेत, पण त्यांच्या चित्रांच्या किंमती कोटींच्या घरांत गेल्याची बातमी कारंज्यास वेळेवर पोंचते. चित्र मात्र टिकलीएवढें छापलेलें! मुंबईंत मनुष्य पावसापासून आडोसा म्हणून जहांगीर कलादालनांत शिरतो आणि छत्री निथळेपर्यंत दहा चित्रें पाहून बाहेर पडतो. आम्हीही एकदां असेच शिरलों होतों. शेजारीं भिजून उभा असलेला एक हमाल एका चित्रापुढून कितीतरी वेळ हालेना. त्याची पात्रता कोणीं विचारली नाहीं.

पाऊस लागून राहिला, वाफसा नाहीं, डवरा चालत नाहीं, अशा दिवशीं कारंज्याचा शेतकरी चहाच्या टपरीवर बसून असतो. त्या दिवसांत तालुक्याच्या शाळेचें एक दालन उघडून तेथें दहा मूळ चित्रें, खालीं विवरणाची पाटी न लावतां, महिनाभर ठेवावीं. चित्रांस दमट हवा सोसत नाहीं अशी सबब यावर कोणी पुढें करील. ती मुंबईच्या समुद्रकांठीं बसून करूं नये, एवढीच आमची विनंति.