उन्हात मरणारा माल

शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेलकडचे रस्ते एकत्र येतात. तेथील कोंडीत मालाचा टेम्पो भर दुपारी अडकून पडणे नवे नाही. आत भांडी किंवा कापड असेल, तर व्यापाऱ्याचा केवळ वेळ वाया जातो. परंतु कोकणातील आंबाबागांसाठी निघालेली बुरशीजन्य कीडनाशकांची पाकिटे असतील, तर मालच मरू शकतो. कारण हा माल सजीव असतो.

बिव्हेरिया, मेटारायझियम, व्हर्टिसिलियम ही नावे कृषी सेवा केंद्रांत आता परिचित झाली आहेत. या बुरशींचे बीजाणू तुडतुड्यांच्या किंवा पिठ्या ढेकणांच्या अंगाला चिकटतात, ओलावा मिळताच रुजतात आणि त्वचा भेदून आत वाढतात. काही दिवसांत कीड मरते. इटलीतील आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये रेशीमकिड्यांचा रोग अशाच बुरशीमुळे होतो, हे दाखवून दिले. ‘बिव्हेरिया बॅसियाना’ या नावात त्यांचेच स्मरण आहे.

या बीजाणूंचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, विशेषतः २८० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीचे, बीजाणूंतील डीएनएची हानी करतात. उघड्या पानावर काही तासांच्या प्रखर उन्हात बहुतेक बीजाणू निकामी होऊ शकतात. उरलेले उशिरा रुजतात. म्हणूनच फवारणी सायंकाळी करावी. बीजाणूंना रुजण्यासाठी रात्रभराचा अंधार आणि दमटपणा मिळतो. पानांची खालची बाजू, झाडाचा आतला घेर आणि तुडतुडे दडून बसतात त्या खोडाच्या भेगा, येथे सावली असल्याने बुरशी अधिक टिकते. हुमणीसाठी शेणखतातून जमिनीत दिलेल्या मेटारायझियमला तर मातीचेच छत्र लाभते.

बंद पाकिटात अतिनील किरणांपेक्षा उष्णता अधिक घातक ठरते. पत्र्याच्या तापलेल्या गोदामात मुदत संपण्यापूर्वीच पाकीट निर्जीव होऊ शकते, आणि बाहेरून ते ओळखू येत नाही. शेतकरी पूर्ण किंमत मोजतो, कीड हटत नाही, मग तो दुसरी, बहुधा रासायनिक, फवारणी करतो. दोष मात्र बुरशीला लागतो.

बुरशीने मेला तरी कीटक मरतोच. त्यामुळे या मालाला ‘अहिंसक’ म्हणून विकणे सत्याला धरून होणार नाही. मात्र तो व्यर्थ गेल्यास खर्च आणि हिंसा दोन्ही वाढतात. माल थंड, सावलीच्या जागी ठेवणे, मुदत पाहून जुना साठा आधी काढणे, आणि ‘सायंकाळी फवारा, बुरशीनाशकात मिसळू नका’ एवढे ग्राहकाला सांगणे, हे दुकानदाराच्या हाती आहे. बिलावर सजीव मालाची किंमत लावली, तर ग्राहकाच्या हाती तो सजीवच पडला पाहिजे.